खुंटीवर पिशवी आहे ना?

दोस्तांनो, ‘टॉय स्टोरी’मधला वूडी तुम्हांला ठाऊक असेलच. तोच तो, मोठ्या टोपीवाला काऊबॉय बाहुला! हा वूडी एकदा खरोखरच हरवला होता. सिनेमातल्या गोष्टीत नव्हे, तर तो बनवणाऱ्यांच्या कॉम्प्युटरमधून.

साल होतं १९९८. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पिक्सार कंपनीत ‘टॉय स्टोरी २’चं काम जोरात चाललं होतं. कोणीतरी चुकून मुख्य कॉम्प्युटरला ‘इथलं सगळं पुसून टाक’ अशी आज्ञा दिली. कॉम्प्युटर बिचारा आज्ञाधारक! त्यानं भराभर पुसायला सुरुवात केली. वूडीची टोपी गेली, बूट गेले, पाठोपाठ बाकीची खेळणीही गेली. मंडळींच्या लक्षात येऊन त्यांनी मशीन बंद करेपर्यंत सिनेमाचा जवळजवळ नव्वद टक्के भाग नाहीसा झाला होता.

‘घाबरू नका, बॅकअप आहे!’ असं वाटून सगळे तिकडे वळले. बॅकअप म्हणजे राखून ठेवलेली दुसरी प्रत. पण बघतात तो काय, ती प्रत काही आठवडे नीट होतच नव्हती, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं!

मग गॅलिन सुसमन यांना आठवण झाली. त्या या सिनेमाच्या तंत्रविभागाच्या प्रमुखांपैकी एक. घरी तान्हं बाळ असल्यामुळे त्या घरून काम करत होत्या आणि त्यासाठी सिनेमाची एक प्रत त्यांच्या घरच्या मशीनवर होती. मंडळी गाडी घेऊन त्यांच्या घरी गेली. मशीन पांघरुणात गुंडाळलं, मागच्या सीटवर ठेवून पट्ट्यानं बांधलं आणि बाळाला न्यावं तसं जपून ऑफिसात आणलं. वूडी परत मिळाला!

या गोष्टीत बॅकअप दोन होते, बरं का. एक कंपनीचा आणि एक घरातला. कंपनीच्या प्रतीतून फायली परत मिळाल्या नाहीत, घरातल्या प्रतीतून मिळाल्या. ज्यातून वस्तू परत मिळते, तोच खरा बॅकअप. बाकी सगळं नुसतं मनाचं समाधान!

तर असा खरा बॅकअप शाळेच्या सर्व्हरसाठी कसा करायचा, ते आज बघू या.

पंगतीतला वाढपी

‘सर्व्हर’ हा शब्द ऐकून बिचकू नका. सर्व्हर म्हणजे सरळ सरळ वाढपी! पंगतीत आपण मागतो आणि वाढपी आणून वाढतो. तसंच लॅबमधले बाकीचे कॉम्प्युटर फायली मागतात आणि सर्व्हर त्या देतो. त्यासाठी फार भारी मशीन लागत नाही. कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटरही हे काम करू शकतो.

अशा सर्व्हरवर बऱ्याचदा लिनक्स असते. १९९१ साली फिनलंडमधल्या हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्‌स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं ती लिहायला घेतली आणि सगळ्यांना खुली करून टाकली. कुणीही वापरा, कुणीही सुधारा! आज अँड्रॉइड फोनच्या पोटातही तिचाच गाभा असतो. केरळमधल्या सरकारी शाळांमधून मुलं लिनक्सवरच कॉम्प्युटर शिकतात.

आता समजा, तुमच्या शाळेत असा एक सर्व्हर आहे. त्यावर ग्रंथालयातल्या पुस्तकांची यादी आहे. दहा वर्षांच्या गॅदरिंगचे फोटो आहेत. हस्तलिखिताची स्कॅन केलेली पानं आहेत. गेल्या वर्षी निवृत्त झालेल्या बाईंचं निरोपाचं भाषण आहे. आणि एक दिवस सर्व्हरची डिस्क बंद पडली! नवी डिस्क बाजारात मिळते हो. बाईंचं भाषण कुठल्या दुकानात मिळणार?

छोटी पेटी

यावरचा सोपा उपाय म्हणजे बाहेरून जोडायची यूएसबी डिस्क. कंपासपेटीएवढी डबी आणि एक वायर, बस्स! ‘यूएसबी’ पहिल्यांदा आली ती १९९६ साली. ती तयार करणाऱ्या इंटेलच्या तुकडीचं नेतृत्व अजय भट्ट या भारतीय इंजिनिअरनं केलं होतं. त्यांचं शिक्षण झालं बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात!

डिस्क घेताना ती सर्व्हरवरच्या माहितीच्या निदान दुप्पट मोठी घ्यावी. आणि जोडताना सर्व्हरवरचं यूएसबी ३ चं भोक शोधावं. पुष्कळदा त्याच्या आतली पट्टी निळी असते. २०० जीबीची पहिली प्रत सेकंदाला १०० एमबीच्या वेगानं केली, तर साधारण ३३ मिनिटं लागतात. जुन्या यूएसबी २ वरून हेच काम दीड तासाच्या पुढे जातं.

पुसण्याआधी दोनदा बघा

बाजारातून आणलेली डिस्क सहसा विंडोजसाठी तयार केलेली असते. तिच्यावर लिनक्सच्या सगळ्या गोष्टी नीट राहत नाहीत. ही फाईल कुणाची, ती कुणी वाचायची, कुणी बदलायची, हे लिनक्स प्रत्येक फाईलबरोबर लिहून ठेवते. एफएटी-३२ या जुन्या पद्धतीच्या डिस्कवर हे लिहायला जागाच नसते. शिवाय तिथे ४ जीबीपेक्षा मोठी फाईल मावत नाही. म्हणजे गॅदरिंगचा लांबलचक व्हिडिओ बाहेरच! म्हणून डिस्क लिनक्सच्या ‘ईएक्सटी-४’ पद्धतीनं नव्यानं आखून घ्यावी लागते. यालाच फॉरमॅट करणं म्हणतात.

पण थांबा! फॉरमॅट केलं की डिस्कवरचं असलं नसलं सगळं जातं. आणि चुकून सर्व्हरचीच डिस्क फॉरमॅट झाली तर? वूडीची गोष्ट आपल्याच लॅबमध्ये!

म्हणून एक युक्ती करायची. डिस्क जोडण्याआधी सर्व्हरला विचारायचं, ‘तुझ्याकडे डिस्क कोणकोणत्या?’ त्यासाठी ‘एलएसबीएलके’ अशी एक आज्ञा असते. उत्तरात एसडीए असं काहीतरी नाव येतं. मग यूएसबी डिस्क जोडायची आणि पुन्हा विचारायचं. यादीत जे नवं नाव आलं, समजा एसडीबी, तीच आपली डिस्क. तिचा आकारही ताडून बघायचा. २ टीबीची डिस्क जोडली आणि यादीत ५०० जीबी दिसत असेल, तर हात मागे घ्यायचा. सर्व्हरचा मुख्य पासवर्ड सरांकडे किंवा बाईंकडे असतो आणि तो तिथेच असावा. पण शेजारी उभं राहून आकडे मोठ्यानं वाचायला तुम्ही हवेतच. चार डोळ्यांना दोन डोळ्यांपेक्षा जास्त दिसतं!

हजेरी नंबर की जी. आर. नंबर?

आता एक गंमत ऐका. एसडीबी हे नाव पक्कं नसतं. उद्या कुणी आधी पेन ड्राइव्ह लावला, तर एसडीबी हे नाव त्याला मिळेल आणि आपली डिस्क एसडीसी होऊन बसेल. तुमचा हजेरी नंबर नाही का दरवर्षी बदलत? सहावीत २३ असतो, सातवीत २७ होतो.

पण शाळेच्या जनरल रजिस्टरमधला तुमचा नंबर? तो शाळा सोडेपर्यंत तोच! डिस्कलाही असा एक पक्का नंबर असतो. त्याचं नाव यूयूआयडी. आकडे आणि अक्षरं मिळून ३२ खुणा, मध्ये चार आडव्या रेघा. डिस्क फॉरमॅट होताना तो तिला मिळतो, आणि पुन्हा फॉरमॅट करेपर्यंत बदलत नाही. सर्व्हरच्या ‘एफएसटॅब’ नावाच्या फाईलमध्ये हाच नंबर लिहायचा.

त्याच ओळीत ‘नोफेल’ असा एक शब्दही घालायचा. त्याचा अर्थ, ‘ही डिस्क जोडलेली नसली तरी अडून बसू नकोस.’ तो शब्द नसेल आणि डिस्कही नसेल, तर सर्व्हर चालू होताना तिची वाट बघतो आणि शेवटी रुसून अर्ध्यावरच थांबतो. मग सोमवारी सकाळी सगळ्या लॅबला सुट्टी! (तुम्हांला आवडेल म्हणा, पण सरांना नाही आवडणार.)

खुंटी आणि पिशवी

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. इथे भलेभले फसतात.

विंडोजमध्ये प्रत्येक डिस्कला सी, डी, ई असं वेगळं अक्षर मिळतं. लिनक्समध्ये तसं नसतं. तिथे सगळ्या फोल्डरांचं मिळून एकच मोठं झाड असतं. बाहेरची डिस्क जोडली, की ती या झाडावरच्या एखाद्या रिकाम्या फोल्डरला अडकवायची. याला ‘माउंट’ करणं म्हणतात. तो फोल्डर म्हणजे खुंटी आणि डिस्क म्हणजे खुंटीला अडकवलेली पिशवी. समजा, आपण खुंटीचं नाव ठेवलं ‘बॅकअप’.

आई सांगते, ‘डबा खुंटीवरच्या पिशवीत टाक.’ पिशवी असेल तर डबा पिशवीत जाईल. पण पिशवी कुणीतरी काढून नेली असेल तर? तुम्ही लगेच ओरडाल, ‘आई, इथे पिशवीच नाहीये!’ कॉम्प्युटर ओरडत नाही. त्याला ‘बॅकअप’ हा फोल्डर दिसतो आणि तो फायली तिथे टाकून मोकळा होतो. म्हणजे कुठे? सर्व्हरच्या स्वतःच्याच डिस्कवर! पिशवी नाही म्हणून डबा जमिनीवर.

आणि वरून ‘काम झालं’ म्हणून सांगतो. सगळे निर्धास्त! रोज प्रत होते आहे, पण होते आहे ती त्याच डिस्कवर. ती डिस्क गेली की मूळ फायलीही गेल्या आणि प्रतही गेली. कधी कधी सर्व्हरची जागाच भरून जाते आणि तो काम करेनासा होतो. पुढे कुणी यूएसबी डिस्क पुन्हा जोडली, की ती त्या फोल्डरवर अशी बसते, की खाली पडलेल्या फायली दिसतही नाहीत. जागा मात्र अडलेलीच!

उपाय अगदी साधा आहे. प्रत करण्याआधी विचारायचं, ‘खुंटीवर पिशवी आहे ना?’ लिनक्समध्ये ‘माउंटपॉइंट’ नावाची आज्ञा नेमकं हेच सांगते. शिवाय यूएसबी डिस्कवर ‘हीच-ती-डिस्क’ अशा नावाची एक रिकामी फाईल करून ठेवायची. ती फाईल दिसली तरच पुढे जायचं. नाही दिसली तर काहीही न करता थांबायचं आणि सरांना ई-मेलनं कळवायचं. आहे की नाही सोपं?

आरसा नको, अल्बम हवा

प्रत करायला लिनक्समध्ये ‘आरसिंक’ नावाचा एक हुशार कारकून आहे. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी तो १९९६ साली तयार केला. पहिल्या दिवशी तो सगळं उतरवून घेतो. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक फाईलचा आकार आणि ती शेवटी कधी बदलली ती वेळ बघतो, आणि बदललेल्याच फायली उतरवतो. त्यामुळे पहिल्या दिवशी अर्धा तास लागला, तरी पुढे काही मिनिटांत काम उरकतं. ‘क्रॉन’ नावाच्या गजरवाल्याला सांगून ठेवलं, की तो रोज ठरल्या वेळी, समजा संध्याकाळी सात वाजता, आरसिंकला कामाला लावतो.

पण इथेही एक खाच आहे. आरसिंकला ‘हुबेहूब प्रत ठेव’ म्हटलं, तर तो आरशासारखा वागतो. दुपारी कुणी चुकून गॅदरिंगचे फोटो पुसले, तर संध्याकाळी सात वाजता तो प्रतीतूनही ते पुसतो. आरशात काय दिसणार? समोर असेल तेच!

म्हणून आरसा नको, अल्बम हवा. रोज तारखेचा एक नवा फोल्डर करायचा. तुम्ही म्हणाल, ‘अहो, मग महिन्यात डिस्क भरून जाईल!’ नाही भरत. ग्रंथालय आठवा. पुस्तक एकच असतं, पण त्याची कार्डं दोन खणांत असू शकतात, एक लेखकाच्या नावानं आणि एक पुस्तकाच्या नावानं. लिनक्समध्येही एका फाईलची अशी अनेक कार्डं करता येतात. त्यांना ‘हार्ड लिंक’ म्हणतात. आरसिंक न बदललेल्या फाईलचं नुसतं नवं कार्ड आजच्या फोल्डरात ठेवतो आणि बदललेली फाईल तेवढी नव्यानं उतरवतो. शेवटचं कार्ड फाडेपर्यंत फाईल जात नाही.

हिशोब करून बघा. सर्व्हरवर १०० जीबी माहिती आहे आणि रोज १ जीबी बदलते. तीस दिवसांच्या तीस पूर्ण प्रती म्हणजे ३००० जीबी. कार्डांच्या युक्तीनं? पहिल्या दिवसाचे १०० आणि नंतरच्या २९ दिवसांचे २९, म्हणजे जेमतेम १२९ जीबी!

अजून एक सांगतो. ग्रंथालयाची यादी डेटाबेसमध्ये असेल, तर ती चालू असताना तिच्या फायली नुसत्या उचलू नयेत. धावत्या मुलाचा फोटो हलतो, तशी ती प्रत अर्धवट निघू शकते. डेटाबेसला आधी सांगायचं, ‘तुझी सगळी माहिती एका फाईलमध्ये लिहून दे.’ आणि मग ती फाईल आरसिंककडे द्यायची.

ओढू नका, सांगून काढा

डिस्क काढताना वायर ओढायची नाही! ‘लिहिलं’ असं कॉम्प्युटर म्हणतो, तेव्हा शेवटचा मजकूर पुष्कळदा अजून त्याच्या स्मरणात असतो, डिस्कवर उतरायचा असतो. म्हणून आधी ‘यूमाउंट’ ही आज्ञा द्यायची. ‘अनमाउंट’ या शब्दातला एन तिथे गाळलेला आहे, हे लक्षात ठेवा. नाही तर दहा वेळा टाईप करून कपाळाला हात लावाल! आज्ञा पुरी झाली, की मगच वायर काढायची.

पण परत मिळतं का?

सगळं झालं, डिस्कही भरत चालली. आता खरी परीक्षा.

३१ जानेवारी २०१७. गिटलॅब या कंपनीतल्या एका इंजिनिअरनं रात्री दमलेल्या अवस्थेत एका मशीनवर द्यायची पुसण्याची आज्ञा दुसऱ्याच मशीनवर दिली. सुमारे ३०० जीबी माहिती गेली. कंपनीकडे बॅकअपच्या एक नाही, पाच तऱ्हा होत्या! पण ऐन वेळी एकही ठरल्याप्रमाणे उपयोगी पडेना. जिथे रोजची प्रत जाऊन पडायला हवी होती, ती जागा उघडून बघितली तर रिकामी! प्रत होत नसल्याच्या सूचनाही कुणापर्यंत पोचल्या नव्हत्या. सुदैवानं त्याच इंजिनिअरनं सहा तासांपूर्वी दुसऱ्या कामासाठी हातानं एक प्रत काढली होती. तिच्यावर निभावलं. तरी मधल्या सहा तासांचं काम गेलं ते गेलंच.

वूडीच्या गोष्टीनंतर अठरा-एकोणीस वर्षांनी पुन्हा तीच चूक! प्रत आहे असं सगळे धरून चालले होते, उघडून कुणीच बघितली नव्हती.

म्हणून महिन्यातून एक दिवस ठरवा. डोळे मिटून एका फाईलचं नाव निवडा, समजा तिसऱ्या वर्षीच्या गॅदरिंगचा एखादा फोटो. ती फाईल यूएसबी डिस्कवरून दुसऱ्या एखाद्या फोल्डरात आणा आणि उघडा. फोटो नीट दिसला? मग वहीत तारीख घालून सही करा. हे काम तर सहावी-सातवीतली मुलंसुद्धा करू शकतात.

शेजारच्या काकूंकडची किल्ली

घराची दुसरी किल्ली आपण कुठे ठेवतो? घरातल्याच कपाटात ठेवली तर दार बंद झाल्यावर तिचा उपयोग काय? ती शेजारच्या काकूंकडे असते. बॅकअपचंही तसंच आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीकडे महापुराचं पाणी घराघरांत आणि शाळांमध्ये शिरलं. अशा वेळी सर्व्हर आणि त्याची यूएसबी डिस्क एकाच टेबलावर असतील, तर दोघंही बुडणार. शिवाय वीज आहे, चोर आहेत, आणि फायलींना कुलूप घालून पैसे मागणारे खंडणीखोर व्हायरस आहेत. जोडलेल्या डिस्कलाही ते सोडत नाहीत.

म्हणून डिस्क दोन घ्याव्यात. एक सर्व्हरला जोडलेली आणि दुसरी शाळेबाहेर, मुख्याध्यापकांनी ठरवलेल्या सुरक्षित जागी. दर शनिवारी शाळा सुटताना अदलाबदल. जाणकार याला ‘तीन-दोन-एक’ म्हणतात. प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी.

बाहेर जाणाऱ्या डिस्कला कुलूपही हवं, कारण तिच्यात तुमचे मार्क आणि पत्ते असू शकतात. लिनक्समधल्या या कुलपाचं नाव आहे ‘लक्स’. साबण नव्हे हं! फॉरमॅट करतानाच ते घालायचं असतं. त्याचा पासवर्ड मात्र हरवू देऊ नका. कागदावर लिहून, पाकिटात घालून तो मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा. तो हरवला तर ती डिस्क कुणालाच उघडता येत नाही. शाळेलासुद्धा नाही!

या रविवारी

शाळेत सर्व्हर नसला तरी बिघडत नाही. घरी आईच्या किंवा बाबांच्या फोनमध्ये तुमच्या लहानपणचे फोटो असतीलच. त्यांना विचारा, ‘यांची दुसरी प्रत कुठे आहे?’ ‘आहे की कुठेतरी,’ असं उत्तर आलं, तर तिथेच सोडू नका. ‘मग त्यातला एक फोटो आत्ता काढून दाखवा ना!’ म्हणा. फोटो निघाला तर शाबास. नाही निघाला, तर सगळे मिळून बसा आणि त्याच दिवशी प्रत करा.

आणि हो, प्रत करण्याआधी तो प्रश्न विचारायला विसरू नका. खुंटीवर पिशवी आहे ना?